साठीनंतरची दिनचर्या: सुरुवात कुठून करायची आणि ती टिकवायची कशी

निवृत्तीनंतरचे पहिले दोन-तीन महिने बरे जातात. राहिलेली कामं उरकतात, नातेवाइकांकडे जाणं होतं, एखादी यात्रा घडते. मग दिवस सैल पडायला लागतो. नोकरी होती तेव्हा ८:१२ची लोकल माणसाला उठवायची, स्टेशनापर्यंत चालवायची, पूल चढायला लावायची. ते सगळं एका दिवसात थांबतं आणि त्याच्या जागी दुसरं काही येत नाही. घर सांभाळणाऱ्या बायकांचं वेगळंच. ओट्यापुढे उभं राहणं चालूच असतं, म्हणून वेगळ्या व्यायामाची गरज वाटत नाही. पण तासन्‌तास एका जागी उभं राहून पायांत ताकद येत नाही, फक्त ते दुखतात.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सकाळच्या व्यायामवर्गाची व्यवस्था मी पाहते. नव्या सभासदांचा उत्साह दांडगा असतो. पहिल्याच आठवड्यात नवे बूट येतात, रोज चार किलोमीटर चालणं सुरू होतं, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद, पहाटे पाचचा गजर. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजतो आणि त्याबरोबर बाकीचंही सगळं थांबतं. म्हणून इथे क्रम सांगते आहे. त्यात माझा आग्रह एकच: आधी पाय, मग बाकी सगळं. उतारवयात आपलं आपल्याला उठता-बसता येणं, संडासला जाता येणं, जिना उतरून दुकानात जाता येणं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

पहिलं पाऊल: डॉक्टरांना एकदा सगळं दाखवा

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. ॲसिडिटीची, झोपेची, सांधेदुखीची, शेजाऱ्यांनी सुचवलेली, आयुर्वेदिक, सगळ्या. वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या एकाच प्रकारच्या दोन गोळ्या चालू आहेत हे पुष्कळदा या पिशवीमुळेच लक्षात येतं.

रक्तदाब बसून मोजतात, तसाच उभं राहिल्यावरही मोजायला सांगा. बसल्या किंवा झोपल्या जागेवरून उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन यांच्याबरोबर बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासायचं का, हेही विचारा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी माणसाला तर ते आधीच कमी मिळतं. पायाला मुंग्या येणं, तोल जाणं, विसरायला होणं या तक्रारी आपण वयावर ढकलतो. काही वेळा त्या याच कमतरतेच्या असतात आणि उपचाराने कमी होतात.

अँजिओप्लास्टी झालेली असेल, चालताना छातीत दाटून येत असेल, जिन्यावर धाप लागत असेल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर पुढचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

दुसरं पाऊल: आपण आज कुठे आहोत ते बघा

यासाठी एक खुर्ची आणि घड्याळ पुरे. खुर्ची बिनहाताची, साधारण १७ इंच उंच, टणक बैठकीची हवी. मागे भिंत असावी, म्हणजे ती सरकणार नाही. प्लास्टिकची हलकी खुर्ची घेऊ नका. खुर्चीच्या मधोमध बसा, पावलं जमिनीवर टेकवा, हात छातीवर फुलीसारखे ठेवा. आता ३० सेकंदांत हातांचा आधार न घेता पूर्ण उभं राहून पुन्हा किती वेळा बसता येतं ते मोजा. घरातलं कोणीतरी शेजारी उभं असू द्या.

साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषांना १४ पेक्षा कमी आणि बायकांना १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर ताकद सरासरीपेक्षा कमी धरतात. पासष्ट ते एकोणसत्तरला हेच आकडे १२ आणि ११ आहेत, सत्तर ते चौऱ्याहत्तरला १२ आणि १०. एकदाही हात न टेकता उठता आलं नाही तर शून्य लिहा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जिथे आहोत तिथूनच सुरुवात करायची असते, आणि शून्यावरून पाच-सहावर आलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

दुसरी पाहणी तोलाची. ओट्याशेजारी उभं राहा, बोटं ओट्यापासून इंचभर वर ठेवा. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लागेल असं एकापुढे एक पाऊल ठेवा आणि दहा सेकंद थांबा. दहा सेकंद टिकता येत नसेल तर पडण्याचा धोका जास्त आहे असं समजून तोलाचा व्यायाम मनावर घ्या, आणि डॉक्टरांनाही सांगा.

दोन्ही आकडे तारखेसकट कालनिर्णयवर लिहून ठेवा.

तिसरं पाऊल: चहा उकळेपर्यंत पायांचा व्यायाम

'उद्यापासून रोज सकाळी अर्धा तास' असं ठरवलेलं सहसा टिकत नाही, कारण त्या अर्ध्या तासाला दिवसात जागाच नसते. जे आपण न चुकता करतोच, त्याला नवी सवय बांधली की ती राहते. चहा, देवपूजा, पेपर, दूध तापवणं, संध्याकाळची मालिका: यातलं एक निवडा. सुरुवातीला एकच.

मी सगळ्यांना चहा सुचवते. आधण ठेवल्यापासून चहा गाळेपर्यंत पाच-सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात ओट्याला धरून टाचा उचलायच्या. दोन्ही टाचा सावकाश वर, दोन आकडे थांबायचं, मग आल्या तशाच सावकाश खाली. दहा वेळा. पुष्कळजण वर जातात व्यवस्थित आणि खाली येताना धप्पकन टाचा आपटतात. खाली येतानाच स्नायूला खरं काम पडतं, म्हणून तिथे घाई नको. मग वर सांगितल्याप्रमाणे एकापुढे एक पाऊल ठेवून दहा-दहा सेकंद दोनदा. बोटांचा आधार लागला तर घ्या. पुढे दोन बोटांचा, मग एकाचा, मग फक्त हात जवळ. गॅसच्या अगदी समोर नाही, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं.

ही सवय दोन आठवडे बसली की खुर्चीवरून उठबस जोडा. इथे थोडं बारकाईने सांगते, कारण वर्गात सगळ्यात जास्त चुका यातच होतात. खुर्चीच्या पुढच्या कडेशी सरकून बसा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल इतकं पुढे वाका आणि मग श्वास सोडत उठा. पाठ ताठ ठेवून सरळ वर उठायला गेलं की गुडघ्यांवर भार येतो आणि 'मला हे जमत नाही' असं वाटतं. बसताना मागे धाड्‌कन पडायचं नाही. चार आकडे मोजत, मांड्यांनी शरीर धरत खाली यायचं. आधाराशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवून उंची वाढवा किंवा हातांची खुर्ची घ्या. पाच वेळा झालं की थांबा. दर आठवड्याला एक-दोनने वाढवत दहापर्यंत न्या, मग थोडं थांबून दुसरी फेरी.

श्वास रोखून ठेवायचा नाही. मोठ्याने आकडे म्हटले तर तो आपोआप रोखला जात नाही.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ते चालतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, सूज आली, तर दोन दिवस थांबा आणि निम्म्याने सुरू करा. गुडघे दुखतात म्हणून व्यायामच नको, हा समज मात्र काढून टाका. गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणं हा उपचाराचाच भाग असतो. वज्रासन, मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं गुडघ्याला सोसत नसेल तर त्यासाठी हट्ट करू नका.

चालणं

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचा व्यायाम सांगते. आकड्याने दबून जाऊ नका. ते गाठायचं ठिकाण आहे, पहिल्या आठवड्याचं काम नव्हे. सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटांनी सुरुवात करा. जोर किती असावा? चालताना गप्पा मारता याव्यात, पण गाणं म्हणायला गेलं तर दम लागावा, इतका.

मधुमेह असेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली जरूर घाला. जेवणानंतर चढणारी साखर त्याने कमी राहते. पण साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी लांब चालायला जाऊ नका, आणि खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा.

पायात मागून पट्टा असलेलं किंवा बंद पादत्राण हवं. साध्या स्लीपरवर चालायला जाणं बंद करा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही खरी अडचण असते. कोकणात तर अंगणातल्या चिऱ्यांवर आणि पायवाटेवर शेवाळ धरतं. पावसाळ्यात बाहेर जाण्याचा अट्टहास करण्यापेक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पडवीत किंवा घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फेऱ्या घाला. रेडिओवर बातम्या लागल्या की चालायला लागायचं आणि संपल्या की थांबायचं, असं केलं तर घड्याळही लागत नाही.

चौथं पाऊल: ताटात प्रथिनं वाढवा

नुसत्या व्यायामाने स्नायू बनत नाहीत, त्याला अन्न लागतं. आपल्याकडच्या बहुतेक आजी-आजोबांचा दिवस असा असतो: सकाळी चहा-बिस्किट, नाश्त्याला पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण-भात, चारला चहा-खारी, रात्री 'मला काही नको, थोडासा मऊ भात'. पोट भरतं, प्रथिनं मात्र फार थोडी जातात.

भारतीय प्रौढांसाठी किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सुचवलेली आहेत. वय वाढलं की किलोमागे एक ते १.२ ग्रॅम घ्यावीत असं बरेच तज्ज्ञ सांगतात. म्हणजे वजन ६० किलो असेल तर रोज सुमारे ६० ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ, वाटीभर घट्ट वरणात सहा, वाटीभर मटकीच्या उसळीत सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ ग्रॅम असतात. पातळ वरणातून याच्या निम्मंही मिळत नाही. मासे खाणाऱ्यांचं काम सोपं आहे: शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास ग्रॅम मिळतात.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं आपल्या मनाने वाढवू नका, डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाणच पाळा.

वेगळं काही शिजवावं लागत नाही. पोह्यांत मोड आलेले मूग आणि शेंगदाणे घाला. वरण घट्ट करा. दुपारची खारी जाऊन तिथे भाजलेले फुटाणे येऊ द्या. दात नसतील तर डाळ्याचं पीठ ताकात कालवून घ्या. रात्री मऊ भातच हवा असेल तर तो मेटकूट आणि दुधाबरोबर खा, किंवा मुगाची डाळ भरपूर घालून खिचडी करा. नाचणीची आंबील, तीळ, राजगिरा यांतून कॅल्शियम मिळतं. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. लोणचं, पापड आणि फरसाण यांतलं मीठही त्यात धरायचं.

उपासाबद्दल एक कळकळीचं सांगणं. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार ही आपल्या मनाची गरज असते आणि ती कोणी सोडावी असं मी म्हणणार नाही. पण मधुमेहाच्या गोळ्या नेहमीच्याच घेऊन दुपारपर्यंत निर्जळी राहणं धोक्याचं आहे. उपासाच्या दिवशीच्या गोळ्या कशा घ्यायच्या हे डॉक्टरांना आधी विचारून लिहून घ्या. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. वरी, राजगिरा, दही, दूध, शेंगदाण्याची आमटी हे जास्त चांगलं.

वय वाढतं तशी तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी प्या. रात्री उठावं लागतं म्हणून दिवसभर पाणी तोडणं चुकीचं आहे. संध्याकाळी सहानंतर कमी करा, त्याआधी भरपूर घ्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं असेल तर तेच पाळा.

पाचवं पाऊल: रात्र आणि घर

दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी. चारनंतर चहा-कॉफी नको. रात्री नऊला झोपून तीनला जाग आली तर सहा तास झोप झालेली असते. ती निद्रानाशाची तक्रार नव्हे, झोपायची वेळ दहा-साडेदहावर न्यायला हवी. झोपेच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. त्यांची गुंगी सकाळपर्यंत राहते आणि रात्री बाथरूमला उठताना माणूस पडतो. जुन्या चालू असतील तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करा.

खुब्याचं हाड मोडण्याची सुरुवात बहुतेकदा घरातल्या साध्या पडण्यातूनच होते, आणि ते टाळायला खर्च फार लागत नाही. बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे, जमिनीवर न घसरणारी चटई, पलंग ते बाथरूम या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा. पायपुसणं आणि सुटी सतरंजी काढून टाका. माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढणं आता बंद. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मगच उभं राहायचं.

सहावं पाऊल: माणसं

एकट्याने केलेला व्यायाम मन उदास झालं की पहिल्यांदा सुटतो. कोणीतरी खाली कट्ट्यावर वाट पाहत असलं की माणूस कंटाळा आला तरी चप्पल घालतो. संघ, हास्यक्लब, भजनी मंडळ, भिशी, वाचनालय, काहीही चालेल. हास्यक्लबांची सुरुवातही १९९५ साली मुंबईतल्या एका बागेतच झाली. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंच्याहत्तरला निम्मं तिकीट. मैत्रिणींना भेटायला त्याचा उपयोग करा. बोलायलाच कोणी नाही, मदत कोणाकडे मागावी कळत नाही, असं झालं तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

ऐकू कमी यायला लागलं की माणूस हळूहळू चारचौघांत जाणं टाळतो. कानाचं यंत्र लावायचा संकोच पुष्कळांना असतो. पण उपचार न केलेला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मानला जातो. चष्मा लावतो तितक्याच सहजपणे ते यंत्र लावावं.

घरच्यांनाही एक विनंती. 'आई, तू बस, मी करते' हे प्रेमानेच म्हटलं जातं. पण भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, खाली जाऊन दूध आणणं ही कामं काढून घेतली की हालचाल जाते आणि आपण कोणाच्या उपयोगाचे आहोत ही भावनाही जाते. वेळ लागला तरी करू द्या. काळजी वाटत असेल तर शेजारी उभे राहा.

खंड पडला की

तो पडणारच. ताप येतो, गणपतीत पाहुणे येतात, नातवाच्या परीक्षेसाठी मुलाकडे पुण्याला किंवा थेट अमेरिकेला महिनाभर जाणं होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सवय मोडते ती बहुतेक वेळा या खंडामुळे नाही, तर खंडानंतर पुन्हा जुन्याच आकड्यापासून सुरू केल्यामुळे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस उतरलं. आजारात हे याहून लवकर होतं. म्हणून आठवड्याहून जास्त खंड पडला तर निम्म्यापासून सुरुवात: दहा उठबशी होत असतील तर पाच, वीस मिनिटं चालत असाल तर दहा. दोन आठवड्यांत पुन्हा मूळ जागी या.

आजारपणात अंथरुणातही करता येतं: पावलं वर-खाली करणं, गुडघा ताठ करून मांडी आवळणं, दर दोन तासांनी उठून बसणं. ताप, छातीत दुखणं, जास्त धाप, डोकं गरगरणं असेल त्या दिवशी मात्र काही नाही. छातीत दुखत असेल तर वाट न पाहता दवाखाना.

बाहेरगावी गेलात तरी खुर्ची तिथे असतेच आणि चहाही होतोच. प्रवासाला निघायच्या आधीच ठरवा: तिथे काही जमलं नाही तरी टाचा उचलणं आणि पाच उठबशी एवढं होईलच. घरी असताना कालनिर्णयवर, दुधाची नोंद करतो त्याच चौकोनात, झालं त्या दिवशी एक टिंब द्या. एक चौकोन रिकामा राहिला तर हरकत नाही, लागोपाठ दुसरा राहू द्यायचा नाही. दीड महिन्याने त्याच खुर्चीवर, त्याच वेळी पुन्हा ३० सेकंदांची मोजणी करा आणि आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहा. दोनने जरी वाढला असेल तर पुढची सवय जोडायला हरकत नाही. नेटाने करूनही तो घटला असेल तर ते पान फाडून डॉक्टरांकडे घेऊन जा.